इंजिन बदललेली जुनी पिकअप घाटात तापते: रेडिएटर बदलण्याआधी काय तपासायचं

गाडी टाटा मोबाइल २०६, नव्वदच्या दशकातली. मूळचं १९४८ सीसीचं इंजिन उतरवून त्या जागी टाटाच्याच २०७ डीआय पिकअपचं २९५६ सीसीचं, टर्बो नसलेलं इंजिन बसवलंय. तक्रार अशी की सपाटीला तापमानाचा काटा मधोमध गप्प असतो. हौद्यात माल असला आणि घाट लागला की काटा हळूहळू चढायला लागतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत लाल पट्टीला टेकतो. गाडी बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ रेसवर ठेवलं की उतरतो. पुढच्या चढाला पुन्हा तेच. कधी झाकणातून पाणी फेकते, कधी नाही.

गॅरेजला हे सांगितलं की उत्तर तयार असतं: "इंजिन मोठं टाकलंय, रेडिएटर बारका पडतोय. मोठा टाका." रेडिएटर मोठा टाकूनही तापणाऱ्या अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. माझ्या गाडीचंही असंच होतं; तिचा मूळचाच रेडिएटर आजही जागेवर आहे आणि ती आता वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट विनातक्रार चढते. म्हणून हे सविस्तर लिहितोय. गाडी बोलेरो असो, जुनी महिंद्रा युटिलिटी असो, इंजिन बदललं की दुखणं बहुतेक याच जागी निघतं.

आधी मोठ्या इंजिनाचं गणित बघू. टाटांच्या या इंजिनांच्या नावातच माप दिलेलं असतं. मूळचं ४८३ म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), नवं ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर. सीसी दीडपट झाली, ताकद मात्र दीडपट झालेली नाही. दोन्ही इंजिनं साठ-सत्तर हॉर्सपॉवरच्या घरातलीच. वाढलाय तो टॉर्क (ओढण्याचा जोर), तोही इंजिन कमी आरपीएमला, म्हणजे हळू फिरत असताना. डिझेल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाला जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला पाण्यात येतो. ४८३ मध्ये डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं (हीटर प्लग असतात ते त्यासाठीच) आणि त्या कप्प्याच्या भिंती पाण्याला भरपूर उष्णता देतात. डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खड्ड्यात पडतं, त्यामुळे भिंतींना कमी उष्णता जाते. डीआय गाडी ॲव्हरेज जास्त देते त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणजे तेवढ्याच कामाला नवीन इंजिन पाण्यात उष्णता टाकतं ती थोडी कमीच. जुना रेडिएटर धड असेल तर तो पुरायला पाहिजे. पुरत नसेल तर इंजिन बदलताना हवेचा किंवा पाण्याचा रस्ता कुठेतरी बिघडलाय.

कागदपत्रांचं एवढ्यातच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल कडक निकाल दिलाय. त्याच कंपनीचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर अर्ज करायला तरी तोंड राहतं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकायच्या आधी आरटीओत विचारा, टाकल्यावर नको. अपघात झाला तर विमावाला सगळ्यात आधी इंजिन नंबर बघतो.

काटा खरं बोलतोय का?

इंजिन बदललेल्या गाडीत हा पहिला प्रश्न. कारण सेंडर (पाण्याचं तापमान मोजून मीटरला कळवणारा भाग) नव्या इंजिनाबरोबर आलेला असतो आणि मीटर जुन्या डॅशबोर्डवरच असतो. सेंडरचा विद्युत रोध तापमान वाढलं की कमी होतो आणि मीटर तो रोध वाचून काटा हलवतो. दोघांची जोडी एकमेकांसाठी बनलेली नसेल तर ८५ डिग्रीला काटा लाल पट्टीत जाईल, किंवा उलट, पाणी उकळलं तरी मधोमध बसून राहील. दुसरा प्रकार जास्त घातक.

इन्फ्रारेड थर्मामीटर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. कोविडच्या काळात कपाळावर धरायचे तो चालणार नाही, तो अंगातल्या तापापुरताच असतो. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर रीडिंग चुकतं, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर नेम धरा. काटा लाल दाखवत असताना हा ९० म्हणत असेल तर तुमचं इंजिन तापलेलंच नाही. मीटरला जोडीचा सेंडर शोधा आणि विषय संपवा.

अजून एक तपासणी फुकटातली आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा. काटा जागचा हलला तर अर्थिंग खराब आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यामुळे इंजिनापासून चासीला जाणारी जाड अर्थिंगची पट्टी लागतेच. इंजिन बदलताना ती जुन्या इंजिनाबरोबर भंगारात जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर खात्रीच समजा, कारण करंट त्या केबलमधून रस्ता काढतोय.

कधी तापते, यावरून कुठे बघायचं

ट्रॅफिकमध्ये, उभ्या जागी तापते पण हायवेला लागली की थंड होते: हवा कमी पडतेय. फॅन, फॅनचं कव्हर, बेल्ट बघा. हायवेला सलग ८० ने चालवल्यावर तापते, गावात नाही: तेव्हा हवा आपोआप मिळत असते, पाणी फिरत नाहीये. रेडिएटरचा कोअर (आतलं नळ्यांचं जाळं) चोंदलाय किंवा खालचा होज (रेडिएटरचा रबरी पाइप) चिमटतोय. थंड इंजिन सुरू केल्यावर काटा एकदम वर जातो आणि धाडकन खाली येतो: पाण्यात हवा धरलीय. आणि घाटात माल घेऊन? तिथे इंजिनाला भार जास्त, गाडीचा वेग कमी, म्हणजे समोरून हवा नाही. सगळी भिस्त फॅनवर. घाटात तापणाऱ्या गाडीचं निम्मं निदान इथेच होतं.

आणखी एक युक्ती म्हणजे गाडी तापलेली असताना वरच्या आणि खालच्या होजचं तापमान मोजणं. वरचा कढत आणि खालचा जवळपास गार असेल तर पाणी पुढे सरकत नाही. दोन्ही सारखेच कढत असतील तर पाणी जोरात फिरतंय पण रेडिएटरमध्ये त्याची उष्णता कोणी काढून नेत नाही, म्हणजे हवेचा दोष. माझ्या गाडीत दोन्हींमध्ये दोन-तीन डिग्रीचाच फरक होता.

फॅनचं कव्हर

४९७ चा ब्लॉक लांब आहे. चार सिलिंडरांच्या नुसत्या बोअरचाच फरक ५६ मिमी भरतो. गिअरबॉक्स जागेवर ठेवायचा म्हटलं की इंजिनाचं तोंड रेडिएटरला भिडतं. मिस्त्री मग रेडिएटर ग्रिलकडे सरकवतो आणि मूळचं प्लॅस्टिकचं कव्हर आता बसत नाही म्हणून काढून टाकतो. शिवाय इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या दांड्याला) लागत होतं म्हणून इंजिन थोडं उचलून बसवलेलं असतं. परिणामी फॅनचा मध्य रेडिएटरच्या मध्याच्या बराच वर जातो.

कव्हर नसलेला फॅन कोअरमधून हवा ओढत नाही. पात्यांच्या टोकांवरून बोनेटखालचीच गरम हवा गोल गोल फिरवत राहतो. रेडिएटरच्या कोपऱ्यांतून तर वारा जातच नाही. खात्री करायची असेल तर गाडी उभी असताना इंजिन साधारण दीड हजारावर ठेवा आणि जुन्या पेपरचं एक पान बाहेरून रेडिएटरच्या तोंडावर सोडा. मधोमध चिकटलं पाहिजे, कोपऱ्यातही चिकटलं पाहिजे. माझ्या गाडीत वरच्या अर्ध्या भागात चिकटायचं आणि खालच्या अर्ध्यात सरळ जमिनीवर पडायचं. निम्मा रेडिएटर नुसता शोभेला होता.

कव्हर पत्र्याचं बनवून घेता येतं. १८ गेजचा पत्रा, रेडिएटरच्या पूर्ण कोअरला झाकणारी पेटी आणि मधे फॅनसाठी गोल गाळा. तीन मापं सांभाळा. फॅन कोअरपासून २५ ते ५० मिमी लांब हवा. पात्याची रुंदी साधारण अर्धी गाळ्याच्या आत आणि अर्धी बाहेर हवी, पूर्ण आत गेला तर हवा बाजूला फेकायला जागा राहत नाही. पात्याचं टोक आणि गाळा यांत सगळीकडून २० मिमी तरी मोकळी जागा ठेवा. कमी ठेवली तर कामगिरी वाढते हे खरं, पण फॅन इंजिनावर असतो, कव्हर चासीवर. खड्ड्यात इंजिन फाउंडेशनवर हललं की पातं पत्र्याला लागतं आणि तुटलेलं पातं रेडिएटरमध्ये घुसतं. गाळा रेडिएटरच्या मधोमध कापू नका, फॅन जिथे आहे तिथे कापा. पेटी खोल असेल तर वर सरकलेला फॅनसुद्धा खालच्या कोपऱ्यापर्यंत ओढतो.

पेटी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीला जुन्या ट्यूबची पट्टी लावा. रेडिएटर पुढे सरकवल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना ग्रिलपर्यंत ज्या मोकळ्या जागा झाल्यात, त्याही रबराने बंद करा. नाहीतर हळू चालताना बोनेटमधली तापलेली हवा त्याच फटीतून पुढे येते आणि पुन्हा रेडिएटरमधून जाते. हे काम कोणालाच करावंसं वाटत नाही कारण दिसायला फालतू आहे. फरक मात्र चांगलाच पडतो.

इलेक्ट्रिक फॅनचा सल्ला हमखास मिळतो. भंगारातून काढलेला छोट्या कारचा फॅन लोडिंगच्या गाडीला घाटात पुरत नाही. लावायचाच तर बेल्टच्या फॅनला मदत म्हणून लावा, रिले टाका आणि वायर उलट लागून तो हवा बाहेर फेकत नाही ना, हे त्याच पेपरने बघून घ्या.

पाणी: हवा धरणं, होज, थर्मोस्टॅट

इंजिन उचललं की दुसरी भानगड होते. थर्मोस्टॅटचं घर रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा उंच जातं. पाण्यातली हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते आणि आता ती जागा नेमकी थर्मोस्टॅट आणि सेंडरच्या डोक्यावर आली. झाकण उघडून काठोकाठ पाणी दिसतं, तरी हेडच्या मागच्या भागात पोकळी असते. म्हणजे एका फाउंडेशनने फॅनही बिघडवला आणि पाणीही.

तात्पुरता उपाय म्हणजे गाडी तोंड वर करून चढावर उभी करा, झाकण उघडं ठेवून इंजिन स्लोवर चालू द्या. वरचा होज हाताने दाबत राहा (फॅनपासून हात, बाही, मफलर सगळं लांब). बुडबुडे येत राहतील, पाणी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली जातं, पुन्हा भरा, झाकण लावा. कायमचा उपाय म्हणजे थर्मोस्टॅटच्या घरावर एक निपल बसवून तिथून बारीक पाइप एक्स्पान्शन टाकीला नेणं. ती टाकी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर), सगळ्यांत उंच बांधायची आणि प्रेशरचं झाकणही तिलाच. मग हवा आपली आपण निघून जाते. थर्मोस्टॅट बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा निघायची वाट तीच.

आता थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचाच. काही इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, म्हणजे बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पंपातून परत इंजिनात. सपाटीवर गाडी जास्तच थंड वाटते आणि घाटात आणखी तापते. तुमच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी चकती असेल तर तो या जातीचा आहे, काढू नका. चालतो का ते बघायला पातेल्यात पाणी तापवा, ८० च्या वर उघडायला लागला पाहिजे.

खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. मूळ होजच्या आत तारेची स्प्रिंग असते. इंजिन बदलल्यावर दोन वेगळ्या गाड्यांचे तुकडे पाइपने जोडून काम भागवलेलं असतं, त्यात स्प्रिंग कुठली असणार. गरम इंजिनाला कोणालातरी रेस द्यायला सांगा आणि होजकडे बघा. चपटा होत असेल तर पाण्याची वाट तिथेच बंद होतेय. स्टीलची स्प्रिंग आत सरकवा किंवा मधला सरळ भाग धातूच्या पाइपचा करा. जोडणीच्या टोकांना पाइपला फुगीर कडा काढून घ्या, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळला तरी होज निसटतो.

बेल्टही बघा. अल्टरनेटरचा ब्रॅकेट नव्याने बनवलेला असतो, त्याची पुली क्रँक आणि पंपाच्या पुलीशी एका रेषेत नसेल तर बेल्ट कडेने झिजतो आणि भार आल्यावर घसरतो. पुल्यांवर एक सरळ पट्टी धरली की कळतं.

झाकणाबद्दल लोक बोलत नाहीत, पण घाटात त्याचं महत्त्व मोठं. ०.९ बारचं झाकण नीट असेल तर पाणी १२० डिग्रीच्या जवळपास उकळतं. झाकणाचं रबर गेलेलं असेल तर प्रेशर धरत नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. म्हणजे इंजिन नेहमीच्या तापमानाच्या जरासं वर गेलं की पाणी उकळून बाहेर. मालक म्हणतो इंजिन तापलं, आणि दोष मात्र झाकणाच्या रबराचा. कंपनीने सांगितलेल्या प्रेशरचंच नवीन झाकण घ्या. जास्त बारचं टाकू नका, जुन्या टाकीचे डाग (सोल्डरचे जोड) त्याने सुटतात.

पाणी बोअरचं भरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला क्षार हेडभोवती थर धरतो आणि तो थर उष्णता अडवतो. बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी आणि त्यात तीस ते पन्नास टक्के कूलंट. नुसतं कूलंट भरलं तर उलट कमी थंडावा मिळतो, कारण पाणी त्याच्यापेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं. दोन वेगळ्या जातींचं कूलंट एकत्र ओतू नका, काहींचा चिखल होतो.

गिअर

४८३ चार हजारांच्या पुढे फिरायचं. ४९७ तीन हजारांच्या आसपासच दमतं, पण खाली भरपूर ओढतं. त्यामुळे चालवणाऱ्याला सवय लागते ती तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहायची. गाडी ओढतेय ना, मग कशाला खालचा गिअर? पण फॅन आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्याच वेगाच्या प्रमाणात फिरतात. चौदाशेवर रेटताना नोझल पूर्ण डिझेल टाकतंय, फॅन मात्र संथ. दुसरा टाकून बावीसशेवर आणलं की फॅनची हवा दीडपटीहून जास्त होते आणि वेगही फारसा पडत नाही. ज्यांनी वेगासाठी डिफरन्शियलही बदललंय त्यांना हे जास्तच लागू.

घाटात काटा चढायला लागला तर गाडी एकदम बंद करू नका. बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये हजार-बाराशेवर चालू ठेवा. झाकणाला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाऊ शकते.

हे सगळं करूनही तापत असेल

मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील. सकाळी थंड इंजिनाचा बेल्ट काढा, रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण न लावता सुरू करा. पंप फिरत नाहीये, त्यामुळे पाणी स्थिर असायला हवं. मिनिटभरात बुडबुड्यांची रांग लागली तर सिलिंडरमधली हवा पाण्यात जातेय. बेल्टशिवाय जास्त वेळ चालवू नका. बेल्ट लावलेला असताना सुरू केल्या केल्या, पाणी तापायच्या आत होज दगडासारखे कडक होत असतील तरी तेच. भंगारातून आणलेलं इंजिन कशामुळे भंगारात गेलं होतं हे आपल्याला माहीत नसतं. डिझेल पडायचं टायमिंग मागे असणं, ब्रेक चिकटून राहणं हीही कारणं असतात, पण मग गाडी ओढतही नाही, ते वेगळं कळतं.

आणि गॅस्केटही ठीक निघालं तर आता रेडिएटर. बदलायच्या आधी उतरवा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारून धुवा, उसाच्या पट्ट्यात चालणाऱ्या गाडीच्या पाकळ्यांत पाचटाचा भुगा आणि किडे गच्च बसलेले असतात. मग गरम पाणी सोडून थर्मामीटर कोअरवरून आडवा फिरवा. मधेच गार पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. पितळी रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. नळ्याच सडल्या असतील तर त्याच टाक्यांना नवीन कोअर लावून घ्या. कोअरच्या रांगा वाढवण्यापेक्षा जागा असेल तर उंची-रुंदी वाढवा, कारण मागच्या रांगेला पुढच्यांनी तापवलेलीच हवा मिळते. आणि वरचं-खालचं तोंड नव्या इंजिनाच्या बाजूंना जुळेल असं काढून घ्या, म्हणजे होजला जोडकाम लागत नाही.